डाव्या कोपऱ्यातले गप्पी

मी, निवृत्त ग्रंथपाल, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर आहे आणि हात कापत नाही तोवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. याआधीचं काही सापडल्यास ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. धाकट्या दिरांनी त्यावर हक्क सांगू नये. त्यांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. अकरा वर्षांत आली नाही, ती आता काय येणार!

२. शिवणयंत्र शेजारच्या शिक्षिकाबाईंना. "टाका सुटला तर मला शिव्या घालायच्या नाहीत," असं त्यांना आधीच बजावलं आहे.

३. बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी, पंप आणि सगळे गप्पी मासे मुलीलाच. इथे खुलासा करणं भाग आहे.

तिचे बाबा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, एका सकाळी टाकीतले सगळे मासे मरून तरंगत होते. आदल्या दिवशी तिने पंपाचा स्पंज नळाखाली धुतला होता.

"तूच मारलंस त्यांना," मी म्हणाले. "बाबांचं तेवढंच उरलं होतं."

"आई, मला मदत करायची होती गं."

त्याच दिवशी ती घर सोडून गेली. नऊ वर्षं फोन येतो, ती येत नाही.

खरं असं, की आदल्याच संध्याकाळी ती बाहेर गेली असताना मी दोन बादल्या नळाचं ताजं पाणी टाकीत ओतलं होतं. पाणी दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यायचं, हे ह्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. नुसत्या स्पंजाने एका रात्रीत एवढे मासे मरत नाहीत, हे माशांच्या दुकानदारांनी नंतर सांगितलं. मी गप्प राहिले.

खिडकीतल्या बरणीतली पिल्लं तेवढी वाचली. गप्पी पोटची पिल्लंही गिळते, म्हणून ह्यांनी ती वेगळी काढली होती. आजचे मासे त्यांच्याच वंशातले. एकानेही ह्यांना पाहिलेलं नाही. तरी रोज सकाळी साडेसातला, ह्यांच्या खाणं घालण्याच्या वेळी, सगळे डाव्या कोपऱ्यात जमतात आणि माझ्या खांद्यामागे बघत राहतात. मी खाणं उजवीकडून घालते. वळून बघायचं धाडस मला झालेलं नाही.

४. दर रविवारी तिसरा हिस्साच पाणी बदलावं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आणि बाळा, साडेसातला डाव्या कोपऱ्यात काचेवर नखाने दोनदा वाजव, बाबा वाजवायचे तसं. मी वाजवलं की मासे लपतात. मग मागे वळून बघ. बाबा असतील; तोवर बहुधा त्यांच्या शेजारी मीही. त्यांना माझ्यादेखत सांग, की तुझ्या हातून काही झालं नव्हतं.

वाचून, समजून, टाकीशेजारच्या टेबलावर सही केली.
रविवार, सात मार्च. पाणी बदलून झालं आहे.

(सही) तुझी आई

आमच्यासमोर सही झाली:
१. शेजारच्या शिक्षिका
२. माशांचे दुकानदार