मान खाली, हात वर

टारागोना, स्पेन,
३ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
पायलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आबाआजोबांचा नियम पाळतेय, महत्त्वाचं असेल ते फोनवर नाही, कागदावर. लिहून फोटो पाठवतेय. वेलांट्या चुकल्या असतील तर हस, पण आधी पूर्ण वाच.

सेमिस्टर मस्त सुरू झालंय. तिकडे अमेरिकेत, माझ्या स्टेट कॉलेज गावात, बसस्टॉपच्या मागे पार्किंग लॉट, इथे बसस्टॉपच्या मागे रोमन लोकांनी बांधलेली भिंत! माझी रूममेट नीना इथलीच आहे. ती मला एका ग्रुपमध्ये घेऊन गेली. हे लोक माणसांचे मनोरे रचतात. दोनशे वर्षांहून जुनी प्रथा आहे. खाली शेकडो माणसांचा घेर, त्यावर थरावर थर, आणि सगळ्यात वर ओना नावाची सात वर्षांची चिमुरडी, हेल्मेट घालून. तिने वर पोचून हात उंच केला की मनोरा पूर्ण. आपल्या दहीहंडीसारखंच, फक्त हंडी नाही.

२३ तारखेला इथे सांता तेक्लाचा सण आहे. गल्ल्यांमधून आत माणूस असलेले दोन पुरुष उंचीचे पुतळे नाचतात, ठिणग्या उडवणारा ड्रॅगन फिरतो, आणि चौकात मनोरे. मी पण आहे त्यात! घाबरू नकोस, मी जमिनीवरच. खालच्या घेराला पिन्या म्हणतात, त्यात चौथ्या रांगेत हात वर करून उभं राहायचं. वरचं कोणी पडलं तर आमच्यावर पडतं, फरशीवर नाही. एवढंच काम.

बाबांना सांग, अभ्यास चालू आहे. माया करत राहा, आणि ओरडायचं असेल तर कागदावर ओरड.

तुझी,
पायल

*

डब्लिन, ओहायो,
५ सप्टेंबर

चि. पायल,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाचलं आणि नंतर वीस मिनिटं मला गाडीतून उतरताच येईना. अगं, वेड लागलंय का तुला? एवढंच काम, म्हणे! वरून माणूस अंगावर पडणार, आणि तू हात वर करून त्याची वाट बघणार? तुला तिकडे आर्किटेक्चर शिकायला पाठवलंय की लोकांच्या खाली गादी व्हायला?

ते कॅन्सल कर. आजच. पाठ दुखते म्हणून सांग, आई आजारी आहे म्हणून सांग, काहीही सांग. तुझा इन्शुरन्स असलं काही कव्हर करत नसणार, मी बाबांना पेपर काढून बघायला लावलंय. ते हसले आणि म्हणाले की पोरगी जमिनीवर तर आहे, सुजाता. त्यांना काय कळतंय! काल अळणी वरण वाढलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि करताना माझ्याही आलं नव्हतं.

पुतळे बघ, ड्रॅगन बघ, फोटो काढ. त्या घेरात मात्र पाय ठेवू नकोस. आणि यातलं काही कुशलमामाच्या कानावर घालू नकोस.

जपून राहा, आणि एकदा तरी आईचं ऐक.

तुझी,
आई

*

टारागोना,
१० सप्टेंबर

ती. आईस, जय भीम. वि. वि.

खोटं सांगणार नाही. काल प्रॅक्टिसला मनोरा कोसळला. वरती जाळी होती, तरी एक मुलगा माझ्या पुढच्या रांगेवर आला. माझ्या दंडावर वांग्याएवढा काळानिळा डाग आहे. तो मुलगा उठला, कपडे झटकले आणि परत चढला.

भीती मलाही वाटते, आई. खूप. छाती समोरच्याच्या पाठीला चिकटलेली, मागच्याची छाती आपल्या पाठीला, श्वास घ्यायला जेमतेम जागा. आणि पहिला नियम असा की वर बघायचंच नाही. मान खाली, हात वर. इथल्या एका म्हाताऱ्या काकांनी पहिल्या दिवशी माझी हनुवटी धरून खाली केली, म्हणाले की मान मोडते, आणि वर बघणाऱ्याचे पाय पळतात.

तू लिहितेस इन्शुरन्स, तू लिहितेस पाठ. यार आई, मी बर्फात ड्राइव्ह करते तेव्हा तू इतकी घाबरत नाहीस. खरं कारण सांग. पटलं तर सोडेन, प्रॉमिस. आणि यात मामाचा काय संबंध?

रागावलीस तरी माझीच राहा.

पायल

*

डब्लिन,
१३ सप्टेंबर

चि. पायल, आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा. खरं कारण हवंय ना, घे.

कुशलमामा जिन्यावरून पडला असं तुला सांगत आलो. तो हंडीवरून पडला. १९८९ साल, ठाण्यात आमच्या कॉलनीमागे पोरांनी लावलेली हंडी, चारच थर. आबांनी बजावलं होतं की हंडी आपल्या घरातली नाही, अभ्यासाला बसा. कुशल नऊ वर्षांचा, काडीसारखा हलका, म्हणून मोठ्या पोरांना तो वर हवा होता. मी बारा वर्षांची. लायब्ररीत जातोय अशी आबांना थाप मारून मीच त्याला घेऊन गेले.

पोरांनी मला खाली उभं केलं. हात वर ठेव म्हणाले, तुझा भाऊ आहे, पडला तर झेल. मी वरच बघत होते. थर हलला, कुशल माझ्याच अंगावर यायला लागला, आणि पायल, मी बाजूला झाले. दोन पावलं. ठरवून नाही, पण झाले. तो फरशीच्या तुकड्यांवर पडला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. त्याच्या एका बुटाचा तळ जाड असतो, तो त्यामुळे. घरच्या सगळ्यांना वाटलं मी लांब उभी होते. मी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. आबा गेले, तरी नाही.

तू चेंगरशील याची मला भीती वाटते, कुठल्या आईला वाटणार नाही? पण त्याहून मोठी भीती ही आहे की वरून ते लेकरू येईल आणि तू माझीच मुलगी निघशील. मग तुलाही माझ्यासारखं आयुष्यभर मध्येच दचकून जागं व्हावं लागेल.

तेव्हा एक तर त्यात जाऊ नकोस, नाही तर हलू नकोस. आणि हे मामाला कळता कामा नये. तो दर रविवारी फोन करतो, ताई ताई करतो. उद्या तो फोन बंद झाला तर मी काय करू गं?

आईला इतकी वाईट समजू नकोस.

सुजाता
(सही चुकून अशी झाली. राहू दे.)

*

टारागोना,
२४ सप्टेंबर

ती. आईस,
पायलचा घट्ट जय भीम.

आधी हे वाच, सगळे धड आहेत. माझं डावं मनगट मोडलंय, प्लास्टर आहे, इन्शुरन्सने कव्हर केलंय.

मी गेले. तुझं पत्र खिशात होतं. चौक खच्चून भरलेला, सनईसारखी वाद्यं वाजत होती. ती सूर बदलतात त्यावरून खालच्यांना कळतं की मनोरा कुठवर चढला. ओना माझ्या खांद्यावरूनच वर गेली. मग समोरच्या पाठीतून मनोऱ्याचं थरथरणं जाणवायला लागलं. आधी जरासं, मग सगळंच. कोणीतरी ओरडलं आणि मला कळलं की येतंय.

आणि आई, मी पळाले. म्हणजे पळायला गेले. पाय उचलला. पण ठेवायला जागाच नव्हती! मागे नीना, तिच्या मागे ते काका, त्यांच्या मागे अख्खं गाव. मला हलताच आलं नाही. मग अंधार झाला, आणि ओना माझ्या हातांवर, डोक्यावर, नीनाच्या खांद्यावर अशी पसरून पडली. उठली आणि पाणी मागितलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र इतकी रडले की तीच माझी समजूत घालत होती.

रात्री काकांना मी पाय उचलल्याचं सांगितलं. ते म्हणाले की पहिल्या पडझडीला सगळेच उचलतात, म्हणून तर मागे माणूस लावतात. एकट्याच्या हिमतीवर इथे काही सोडलेलं नाही.

तुझ्या मागे कोणीच नव्हतं, आई. तू बारा वर्षांची होतीस.

आता खूप रागावशील. तुझं पत्र मी मामाला पाठवलंय. मला राहवलं नाही.

माफ केलंस की कळव. मी वाट बघतेय.

पायल

*

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना,
२६ सप्टेंबर

ती. ताईस,
कुशलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

परवापासून तू माझा फोन उचलत नाहीयेस, म्हणून हा कागद. पोरीला रागवू नकोस. तिने केलं ते आपण दोघांनी केव्हाच करायला हवं होतं.

मला माहीत होतं. वरून सगळं दिसतं गं. पडताना मला फक्त तूच दिसत होतीस, लाल रिबिनी बांधलेली, आणि मग ती जागा रिकामी दिसली. छत्तीस वर्षं मी बोललो नाही, कारण बोललो तर तू मला तोंड दाखवणार नाहीस अशी मला धास्ती होती. तुलाही तीच धास्ती. दोघंही बावळट.

आता पुढचं नीट वाच. हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी मी आबांना सांगितलं होतं. लपवत नाही, मला राग आला होता. वाटलं, तुला चांगला मार बसेल. आबांनी माझ्या प्लास्टरवर हात ठेवला. मग म्हणाले की बारा वर्षांच्या पोरीच्या मागे मोठं माणूस उभं असायला हवं होतं, आणि ते माणूस म्हणजे मी, तिचा बाप. आपल्याला हे माहीत आहे असं तुला कधी कळू देणार नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं. आज ते मी मोडतोय.

त्यानंतर वर्षभर आबा रोज तुझ्या मागून शाळेच्या फाटकापर्यंत चालत यायचे. तू घरी येऊन रडायचीस की आबांचा माझ्यावर विश्वास उरला नाही, ते पाळत ठेवतात. ताई, ते पाळत ठेवत नव्हते. ते तुझ्या मागे उभे होते.

माया कधी कमी झालीच नव्हती, तेव्हा वाढव असं तरी कसं लिहू? फोन उचल.

तुझा,
कुशल