कोकणात गाडी कोण चालवणार

७ सप्टेंबर, रविवार

ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत कोकण. समुद्राच्या कडेकडेने, वाटेत देवळं. आणि गाडी मी चालवायची नाही, हेही ठरलं — मला न विचारता!

एकतीस वर्षं एसटी चालवली. आर्णी, महागाव, उमरखेड, नांदेड. पावसात, धुक्यात. एका माणसाला खरचटलं नाही. बिनअपघाती सेवेचा बिल्ला मिळालेला माणूस मी. आणि पोटचा पोरगा, कपिल, म्हणतो, "बाबा, ड्रायव्हर करू भाड्यानं. तुमी आरामात मागं बसा ना."

आराम! मी काय गाठोडं आहे, मागच्या सीटवर टाकून न्यायला?

९ सप्टेंबर

घरात दोन याद्या फिरत आहेत. बायकोची, इंदूची, देवळांची — गणपतीपुळे, वेळणेश्वर, कुणकेश्वर, मार्लेश्वर, आणखी पाच. गुडघे धरून उठणारी बाई मार्लेश्वरच्या शेकडो पायऱ्या चढणार आहे. सूनबाई निकिताची यादी किनाऱ्यांची — आरे-वारे, भाट्ये, थेट तारकर्लीपर्यंत.

मी म्हटलं, वेळणेश्वर वर, तारकर्ली खाली, मधे दोनशेच्या वर किलोमीटर, सगळी वळणं. एका दिवसात होत नाही. निकिताने मोबाईल पुढे केला. "बाबा, मॅप तर होते म्हणून राह्यला."

मॅपने कधी स्टेअरिंग धरलं आहे का? वहीचं पान फाडून रस्ता लिहून दिला — नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर, मग आंबा घाट. कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, सगळं. कपिलने घडी करून खिशात घातलं. वाचलं नाही.

इंदू मधेच बोलली, "देव एखादा राहिला तरी चालन. पण यायले समुद्र दाखवाचाच." मी कधी मागितला समुद्र? सहासष्ट वर्षांत पाहिला नाही, हे खरं. आमच्या गाड्या तिकडे जातच नव्हत्या. म्हणून काय माझं नाव पुढे करायचं?

१३ सप्टेंबर

फुलसिंगने माझ्या स्कूटरला धडक दिली. समोरच्याच घरात राहतो, तीस वर्षांची ओळख. डावीकडून मोटरसायकल घेऊन एकदम अंगावर आला. हॉर्न नाही, काही नाही. माझा आरसा गेला, त्याच्या कोपराला लागलं. वरून मलाच म्हणतो, "पुंडलिकराव, केवढा हॉर्न मारला मी! तुमी पाह्यलं काहून नाही?"

काय पाहणार? होता कुठे तो? माणसं उघड्यावर खोटं बोलायला लागली आहेत.

१४ सप्टेंबर

आज खरं बाहेर पडलं. माझं लायसन मे महिन्यातच संपलं आहे. कपिलला माहीत होतं. "सांगतलं नाही बाबा, तुमाले राग येते म्हणून."

चार महिने बाप बिनलायसनचा हिंडतो आहे आणि हा गप्प. राग येणार नाही तर काय येईल?

म्हटलं, नवं करून आणतो. मग बघू कोकणात गाडी कोण चालवतं ते.



 

१८ सप्टेंबर

लायसनच्या कागदावर डॉक्टरची सही लागते. दवाखान्यात गेलो. पाटीवरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली. तरी सही नाही! डॉक्टरने नाकासमोर बघायला लावून दोन्ही बाजूंनी बोटं हलवली. मी म्हटलं, बोटं हलवा तरी. तो म्हणाला, "यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून या."

कालचं पोरगं. मी गाडी चालवत होतो तेव्हा जन्मलं नसेल.

२३ सप्टेंबर

यवतमाळ. सोबत कपिल. नको म्हटलं तरी इंदूही आली, घरी घट बसलेले असताना.

एका पांढऱ्या मशीनमध्ये डोकं घालायला लावलं. आत मधोमध बघत राहायचं, कडेला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. काही वेळा दाबलं. मग बराच वेळ ठिपकाच आला नाही. मी बाहेर डोकं काढून मशीनवरच्या बाईंना म्हटलं, "मॅडम, मशीन बंद पडली."

त्या म्हणाल्या, "चालू आहे काका. ठिपके येतायत."

मी पुन्हा डोकं आत घातलं.

काचबिंदू. दोन्ही डोळे. समोरचं चांगलं दिसतं, कडा गेल्या आहेत. गेलं ते परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब, जन्मभर. किती टिकेल विचारलं. डॉक्टर म्हणाले, "थेंब चुकवू नका. पण उशीर झाला आहे, शब्द देत नाही."

बाहेर बाकावर बसलो. इंदू म्हणाली, "वरीसभर पाहून राह्यली मी. ताटाशेजारचा गिलास तुमाले दिसत नाही. दरवाजाले खांदा लागते." मी म्हटलं, मग बोलली काहून नाही? "बोलली ना. दोनदा. तुमी ताट सारून उठून गेलते."

आठवलं. उठून गेलो होतो.

कपिल भिंतीकडे तोंड करून उभा होता. कोकणाचं मनात आलं कुणाच्या, हेही आज कळलं. इंदूच्या. देवळांच्या निमित्ताने.

येताना फुलसिंगच्या दारात थांबलो. चूक माझी होती म्हणून सांगितलं. त्याने चहा केला.

२५ सप्टेंबर

कपिलला म्हटलं, दिवाळी नको. रजा टाक, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघू. ड्रायव्हर नको, तूच चालव. मी बाजूला बसून घाट सांगतो. फक्त समुद्र आला की गाडी वळव आणि तोंड त्याच्याकडे करून उभी कर.