मेढे पडतात तिथं

माय,

आज मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा तो गलका पहाटेच सुरू झाला. दारोदारी खोचलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटून लोक ते रोगराईसकट शिवेवर टाकायला निघाले. "खासी खोकला घेऊन जाय गे मारबत." मी दार आतून लावून घेतलं होतं.

लहानपणी एकदा मी शेजारच्या म्हातारीचं नाव घेऊन तसं ओरडले होते. सगळे हसले. तू चुलीपुढून उठून आलीस आणि पाठीत धपाटा घातलास. "खोकला म्हन. खोकलनाऱ्याचं नाव नाई घ्याचं." परत चूल फुंकायला बसलीस, आणि धुराने तुलाच ठसका लागला. मारबत आता तुला नेईल, या भीतीने मी दिवसभर तुझं लुगडं धरून होते.

हा नवा फ्लू आला तेव्हा गाव आधी हसलं. पानठेल्यावर म्हणायचे, "सर्दीले नवं नाव देल्लं." मग पलीकडच्या गावातला एकजण दवाखान्यातून गुंडाळूनच आला. तोंड न दाखवता त्याला मातीआड केलं. तेव्हापासून दवाखान्यात गेलेला परत येत नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत आहे. आता गावात कुणी खोकलत नाही. ठसका लागतो, फोडणीचा. घरोघरी अवेळी मिरच्या जळतात.

माझा नवरा घुग्घुसहून, खाणीतली पाळी संपवून, मोटारसायकलवर आला तो तापातच. मीही कढई ठेवली. कुडापलीकडून शेजारीण विचारते, "काऊन वो बाई, पुन्हा फोडनी?"

"चटनी करून राह्यली."

"लय चटनी खाते वो तुया नवरा."

ती हसली. मग तिची खिडकी लागल्याचा आवाज आला.

आज गलका आमच्या दारासमोर येऊन थांबतो. आत ह्यांना खोकल्याची उबळ येते. मी त्यांच्या तोंडावर पदर दाबून धरते. मग बाहेरून शेजारणीचाच आवाज. "घुग्घुसवाल्याले घेऊन जाय गे मारबत." नाव कुणी घेतलं नाही, माय. आणि या वेळी कुणी हसलंही नाही.

लोक पुढे गेल्यावर मी पदर काढला. त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी दाबल्यामुळे की दुखण्यामुळे, कळेना. "दवाखान्यात नको नेऊ मले," ते म्हणाले. मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला.

गाडीला जंगलातून यायचं आहे, वेळ लागेल. ते डोळे मिटून भिंतीला टेकले आहेत. त्यांच्या छातीकडे पाहत बसवत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. हा कागद कुठे जायचा नाही.

फोनवर गाडीवाल्याने विचारलं, घर कोणतं. मी म्हणाले, "घरी नका येऊ भाऊ. शिवेवर थांबा, मेढे पडले हायेत तिथी."

तिथवर चालवेल का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.