बारा ते दोन चॅपल बंद

पुईमोरेल, मंगळवार
(जेवण झालं, भांडी झाली, आता निवांत लिहिते)

ती. सोलांजताईस,

धाकट्या ओदेतचा मनापासून नमस्कार आणि आमच्याकडच्या रीतीने चार मुके (तुमच्या लील शहरात दोनांतच भागवतात असं ऑनोरेभावोजी म्हणाले, उरलेले दोन मांजरीला दे). तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? इकडे मी, कोंबड्या आणि अक्रोडाचं झाड, सगळे ठणठणीत आहोत. झाड यंदा इतकं लगडलंय की खालून जाताना डोक्यावर टोपली धरावी लागते.

सगळ्यात आधी तुझे आभार. आर्मां गेल्यापासून दोन वर्षं तू या विधवा बहिणीसाठी जीव टाकतेस. एकटी राहू नकोस म्हणून तुझ्या शेजारची खोली घेतलीस, तिला निळे पडदे लावलेस, खिडकीतून ट्राम दिसते असंही कळवलंस. सख्खी बहीण झाली तरी एवढं कोण करतं? माझी मोठी पेटी पोचली असेलच. शुक्रवारी नोटरीकडे जाऊन घराच्या विक्रीवर सही करायची, की मी मोकळी. आणि आवराआवरीला मदत म्हणून तू चक्क आपला नवरा पाठवलास, त्याबद्दल तर तुझे किती आभार मानू हे मला खरोखरच कळत नाही (का कळत नाही, ते पुढे वाच).

भावोजी आले ते मोजपट्टी, दुर्बीण आणि आमच्या भागातल्या ऐतिहासिक स्थळांचं पुस्तक घेऊन. पहिल्या दिवशी एक कपाट रिकामं करायला घेतलं, त्यात आर्मांचा जुना नकाशा निघाला, आणि आवराआवर तिथेच संपली. अडतीस वर्षं इथे काढून मी किल्ला पाहिला नाही, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आता तूच सांग, किल्ल्यात बघायचंय काय? माझी तांबडी कोंबडी हरवली की तिथे सापडते, एवढी माझी त्याची ओळख. पण ऐकतील तर ते भावोजी कसले! मला पुढे घालून निघाले. बुरुजाच्या पायऱ्या चढताना त्यांचा बूट एका भेगेत अडकला, तर एका पायावर उभं राहून मला सांगतायत की बघ ओदेत, सातशे वर्षांची पायरी, अजून किती घट्ट आहे! (घट्ट होतीच. बूट मी काठीने उपसला.) मग पारव्यांच्या मनोऱ्यात आत उभं राहून आवाज कसा घुमतो ते पाहायला त्यांनी जोरात टाळी वाजवली. आत चारशे पारवे होते. टोपी मी दोनदा धुतली, पण तू काही म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मग झेलीच्या कुरणातलं ते दगडी थडगं, येशूच्याही आधीचं म्हणतात. झेली त्याच्याखाली शेळ्या बांधते. भावोजी लांबीरुंदी घेत असताना एका शेळीने पुस्तकातलं नेमकं आमच्या गावाचं पान खाल्लं. झेली म्हणाली, "खाऊ दे की, तिला गाव पाठ आहे."

हसून हसून माझी पुरेवाट झाली, ताई. आर्मां गेल्यावर पहिल्यांदाच इतकी हसले असेन. बुरुजावरून खाली पाहिलं तर आपलं छप्पर दिसलं, आर्मांने रचलेला दगडी बांध दिसला, पलीकडे अक्रोडांच्या रांगा आणि नदीची वळणं. नेमकं निघायच्या आठवड्यात हे सगळं मला दिसावं, या विचाराने माझा जीव तुटला. पण ते असो.

राहिलं होतं टेकडीवरचं चॅपल. तिथे मी अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, कारण किल्ली युलालीकडे. तुला आठवत असेल, ती किल्ली माझ्या सासूबाईंकडे असायची. त्या गेल्यावर रीतीने ती माझ्याकडे यायची, तर सरपंचांनी दिली समोरच्या घरातल्या युलालीला, का तर म्हणे ती वेळेची पक्की. आहेच पक्की! बाराला कुलूप, दोनला दार उघडं, मध्ये खुद्द पोप आले तरी ती जेवणावरून उठणार नाही. तेव्हापासून आमचा अबोला. खाली गावातल्या चर्चमध्ये आर्मांच्या अंत्यविधीला ती सगळ्यांच्या मागे उभी होती, तेव्हाही मी मान वळवली. म्हणून काल भावोजींना एकटं तिच्याकडे पाठवलं. तिने वर येऊन दार उघडून दिलं, ती उतरून गेली, आणि मग मी झुडपामागून निघून आत शिरले. भावोजी घंटेवरची अक्षरं वाचायला माळ्यावर चढले. मी खांबामागच्या बाकावर बसले. तिथे सासूबाई बसायच्या.

बाराला युलाली आली. दारातून तिने हाक मारली, "आत कुणी आहे का?" भावोजींचं डोकं घंटेच्या आत, त्यांना कुठलं ऐकू येतंय! आणि मी डोळे मिटून प्रार्थनेत इतकी गढले होते की मलाही काही कळलं नाही. किल्ली फिरली आणि आम्ही आत कोंडले गेलो.

भावोजी म्हणाले, घंटा वाजवू. मीही म्हटलं, वाजवा. त्यांचं वय तुला माहीत आहे. दोर दोनदा ओढला की दम लागायचा, थांबायचे, पुन्हा दोनदा ओढायचे. असे पाच-सहा वेळा झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं, गावातली घंटा तडकल्यापासून मयताची घंटा या चॅपलवरूनच वाजते! बाप्या गेला तर तीन-तीन ठोके, बाई गेली तर दोन-दोन. मी खालून ओरडले, "भावोजी, थांबा! तुम्ही बाई मारलीत!" ते म्हणाले मग तिसरा वाजवतो. म्हटलं, वाजवा, म्हणजे बायकोपाठोपाठ नवराही गेला म्हणून गाव दोन खड्डे खणायला घेईल. मग मात्र ते मुकाट्याने खाली येऊन बसले, आणि पिशवीतलं एकुलतं एक नासपती आम्ही दोघांनी खाल्लं.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. घंटा वाजवतो बातिस्त, त्याची किल्ली वेगळी. तो दात काढायला बाहेरगावी गेला होता, पण हे कुणाला ठाऊक? बातिस्त वाजवून खाली येईल, नाव सांगेल, तोवर जेवून घेऊ, असं गावाने ठरवलं (मेलेली बाई काही पळून जात नाही). खिडक्या-खिडक्यांतून बायकांची मोजदाद झाली. झेली आहे, सरपंचांची आई आहे, बेकरीवाली आहे. ओदेत? माझं दार उघडं, पलंगावर चादर नाही, कपाटं रिकामी, चूल थंड. साडेबारा वाजता बाई जेवणाच्या टेबलाशी नाही म्हणजे ती जिवंत असणं शक्यच नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. घरात देह नाही, म्हणजे तो वर चॅपलमध्येच नेला असणार, हेही ठरलं.

दोनच्या ठोक्याला किल्ली फिरली. दारात युलाली. काळी शाल, डोळे सुजलेले, आणि हातात माझे रविवारचे बूट. मला पुरताना पायांत खुराड्यातले लाकडी जोडे नसावेत म्हणून पॉलिश करून आणले होते तिने. मी समोर उभी. तिने आधी माझ्या पायांतल्या लाकडी जोड्यांकडे पाहिलं. मग अकरा वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली:

"मेली नाहीस तू?"

"नाही."

"अगं बये, भरलं सूप टाकून उठले मी! साडेबाराला!"

ताई, तिने साडेबाराला सूप टाकलं. अडतीस वर्षांत जी बाई कुणासाठी उठली नाही, ती माझ्यासाठी उठली, माझ्या घरात आली, कोंबड्यांना दाणे टाकले, सकाळच्या कपबश्या धुतल्या आणि माझ्या बुटांवर तासभर पॉलिश घासत रडत बसली. मग मीही रडले, अगदी हुंदके देऊन. भावोजींनी तेवढ्यात दाराची उंची मोजून घेतली. रविवारचे बूट युलालीने मला घालायलाच लावले, आणि आम्ही तिघं टेकडी उतरून तिच्या घरी गेलो. तिने ते सूप पुन्हा गरम केलं. इतकं चांगलं सूप मी आयुष्यात प्यायले नव्हते.

तेव्हा भावोजींना पाठवल्याबद्दल तुझे खरेखुरे, मनापासून आभार. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तब्येतीला जप.

तुझी,
ओदेत

ता.क. प्रार्थनेचं मी वर लिहिलंय ते भावोजींसाठी, कारण पत्र टाकण्याआधी ते वाचतील (हा कागद मी नंतर जोडतेय). हाक मला स्वच्छ ऐकू आली होती. पण 'आहे' म्हणावं, तर तो युलालीशी बोललेला एक शब्द झाला असता. अकरा वर्षांचा अबोला मी असा फुकट मोडणार होते होय! ताई, त्या एका शब्दापायी मी तुझा नवरा दोन तास उपाशी ठेवला, मला क्षमा कर.

ता.क. दुसरा. शुक्रवारी मी नोटरीकडे जाणार नाही. मी येत नाही, ताई. रागावू नकोस गं. युलालीचे गुडघे आता रोज टेकडी चढत नाहीत हे तिने सूप पिताना कबूल केलं, आणि आठवड्यातले तीन दिवस किल्ली माझ्याकडे दिली. ती खोली दुसऱ्या कुणाला तरी दे. पडदे मात्र ठेव, मी वसंतात महिनाभर राहायला येईन. माझी पेटी परत पाठव, तिच्यात सुपाचं मोठं पातेलं आहे आणि पुढच्या आठवड्यात गुरुवारी युलाली माझ्याकडे जेवायला आहे.

ता.क. तिसरा. आज माझा पहिला दिवस. बाराला दारात उभी राहून विचारलं, आत कुणी आहे का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. किल्ली कुलपात घातली होती, तरी आत गेले आणि खांबामागे बघितलं. बाकावर युलाली बसली होती. म्हणाली, "बघत होते, तू बघतेस का ते." हाताला धरून तिला खाली आणलं. जेवायला सात मिनिटं उशीर झाला.