मूळचं गॅस्केट

दि. ४ जून

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी गॅरेज उघडलं. दुपारी बाजारात सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आलो. संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष येऊन गेले. तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होतं. तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहितो.

ही गेल्यापासून ते दार उघडलं नव्हतं. आजारपणाआधी हिने गाडीचा कार्बोरेटर काढून ताटात ठेवला होता, तो तसाच आहे. पेट्रोल आणि हवा मिसळणारं ते एवढंसं यंत्र, पण त्याच्यावाचून एवढी मोठी गाडी म्हणजे नुसतं कपाट. धुऊनपुसून सगळं तयार होतं. त्याच्या बुडाखालचं गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसणारी कागदी चकती, तेवढी फाटली होती, ती आणायची राहून गेली. हिचं काम अर्धवट पडलेलं मला बघवत नाही. हिने जुळवली होती तशीच ती गाडी एकदा सुरू व्हावी, बाकी काही नको.

दुकानदाराने गाडी कोणती, साल कोणतं, इतकंच काय, रंगसुद्धा विचारला. मग जाडजूड पुस्तकात बोट फिरवून एक चकती काढून दिली आणि डोळे मिटून बसवा म्हणाला. घरी येऊन डोळे उघडे ठेवून पाहिलं. चकतीला बोल्टची भोकं दोन, कार्बोरेटरला तीन.

हे अध्यक्षांना सांगितलं. खिशात कायम भिंग असतं म्हणून ही ज्यांना भिंगवाले म्हणायची, तेच ते. दुकानातल्या असल्या वस्तूला पॅकिंग म्हणतात, गॅस्केट नव्हे, असं त्यांनी मला समजावलं. मूळचं गॅस्केट परदेशातूनच मागवावं लागेल. पुढच्या महिनाअखेरीस जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. त्यात हिच्या नावाने सर्वांत अस्सल गाडीचं बक्षीस सुरू करायचं ठरलंय आणि पहिलं आपल्याच गाडीला मिळणार आहे. ही होती तेव्हा सभेत हिला चहाचं बघायला सांगत. आज म्हणाले, बाई म्हणजे क्लबचा कणा होत्या. 

तुमची माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमचा,
भाऊजी

&nbsp;

दि. ११ जून

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ. (वयाने तुम्ही मोठे असाल, नात्याने मी थोरली.)

जेवण वेळेवर होतं हे कळवलंत, काय होतं ते कळवलं नाहीत. चहा-बिस्किटाला जेवण म्हणायची तुमची सवय मला चांगली ठाऊक आहे. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढलेत, रेघ कधी केसाएवढी हलली नाही, आणि तुम्हाला एक काकडी सरळ चिरता येऊ नये?

तुमचे भिंगवाले मला आठवतात. एकदा गाडीच्या टपावर मांजर बसलं तर केवढे ओरडले होते, कारखान्याच्या रंगावर ओरखडा येईल म्हणून! तो कारखाना म्हणजे तुमचं मागचं अंगण. घराच्या दरवाजांसाठी आणलेला रंग उरला होता, तोच आमच्या धाकटीने, म्हणजे तुमच्या हिने, आणि मी गाडीला मारला होता. मांजराला बिचाऱ्याला उगाच बोलणी बसली.

मला यंत्रातलं कळत नाही, पण एक शंका विचारते. जो तो गाडीचं साल विचारतोय. तो कार्बोरेटर कुणाला दाखवलात का?

मनाला लावून घेऊ नका. आमची आठवण ठेवा, आम्ही तुमची काळजी ठेवतो.

तुमची,
ताई

&nbsp;

दि. ६ जुलै

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कार्बोरेटर पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदाराने एकदा तो पाहिला, एकदा पुस्तक पाहिलं आणि पुस्तकावर विश्वास ठेवला. हा त्या गाडीचा असूच शकत नाही म्हणाला.

अध्यक्षांच्या कानावर घातलं तर ते भडकलेच. दर वर्षी आपण स्वतः भिंगातून पाहून याच कार्बोरेटरला पैकीच्या पैकी गुण दिलेत, त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तर एक अख्खं व्याख्यान दिलंय, असं त्यांनी सुनावलं. व्याख्यानाचं नाव कारखान्याची नजाकत. तेव्हा चूक असेल तर पुस्तकाचीच.

परदेशी गॅस्केट काल आलं. त्यासाठी खास सभा बोलावली. अध्यक्षांनी हातमोजे घालून पाकीट फोडलं, टाळ्या झाल्या. भोकं दोन. खजिनदार म्हणाले, तिसरं पाडू. अस्सल वस्तूला भोक पाडायचं असेल तर आधी माझा राजीनामा घ्या, असं अध्यक्ष म्हणाले. आपले दातांचे डॉक्टर तिथे सभासद आहेत, त्यांनी कार्बोरेटरचंच एक भोक बुजवून द्यायची तयारी दाखवली. मग बरीच आरडाओरड झाली. मी कार्बोरेटर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. कुणी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही हातांनी झाकून घरी आणला.

आता हे कसं सुटायचं, मला कळत नाही. हिला विचारता आलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

पत्र पाठवत जा. तुमचं अक्षर पाहून बरं वाटतं.

तुमचा,
भाऊजी

&nbsp;

दि. १३ जुलै

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग थोडी रडले. आता सांगूनच टाकते. दुकानदार बरोबर आहे. तो कार्बोरेटर बेकरीच्या व्हॅनचा आहे.

तुम्ही धरणाच्या कामावर होतात त्या वर्षी गाडीचा मूळचा तडकला. भंगारवाल्याकडे पाव पोचवणारी एक व्हॅन उभी होती. धाकटीने तिचा कार्बोरेटर काढून आणला. तो तीन भोकांचा आणि गाडीवरची जागा दोन भोकांची, म्हणून मधे बसवायला एक पट्टी कापली. माझ्या इस्त्रीच्या बुडाची! इस्त्री बिघडलेली होती हे खरं, पण विचारायचं तरी. तर कारखान्याची नजाकत ती ही.

भिंगवाल्यांना ती पहिल्याच वर्षी सांगणार होती. पण त्यांनी भिंगातून पाहून पैकीच्या पैकी गुण दिले आणि त्याच दमात चहाचं बघता का म्हणून विचारलं. मग तिने बेत बदलला. मला म्हणाली, ताई, मी त्यांना चहा देते, ते मला गुण देतात, चाललंय ते बरं आहे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या तोंडावर सगळं दिसतं.

आता भिंगवाल्यांना सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. तिची गाडी, तुमचा हात. माझा आशीर्वाद दोन्हीला.

तुमची,
ताई

&nbsp;

दि. २९ जुलै

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

आज प्रदर्शन होतं. मी गेलो नाही. सकाळी गाडी सुरू केली. दुपारी थोडा झोपलो.

तुमचं पत्र वाचताना मी मोठ्याने हसलो. बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो, शेजारी बघायला आले. मग अध्यक्षांकडे जाऊन सगळं सांगितलं. इस्त्रीचं ऐकल्यावर त्यांना बसावं लागलं. मग हळू आवाजात म्हणाले, माझ्या कपाटात मूळचा कार्बोरेटर आहे. तो गुपचूप बसवून देतो, परदेशी गॅस्केट त्यालाच बसेल, गाडी प्रदर्शनाला येईल, बाईंचाही मान राहील. तुमचा तो बेकरीचा टाकून द्या. मी नको म्हटलं. एवढं सरळ नको मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही.

दुकानातून गॅस्केटच्या कागदाचा ताव आणला. या वेळी साल विचारलं नाही. कार्बोरेटरच्या बुडाचा ठसा ट्रेसिंग पेपरवर उतरवला, कंपासने भोकं आखली, कचेरीतल्या जुन्या पात्याने कापलं. पहिलं फुकट गेलं, कारण भोकं बोल्टच्या मापाला तंतोतंत पाडली होती. किंचित सैल लागतात. दुसरं बसलं. बोल्ट एकेक करून थोडे थोडे आवळले, ही आवळायची तसे. गाडी पुष्कळ वेळ खोकली, काळा धूर सोडला, मला वाटलं संपलं. मग एकदम सुरू झाली आणि चालू राहिली. मी बोनेटवर हात ठेवून उभा होतो. नंतर पहिल्या गियरमध्ये गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. दुसरा पडला नाही.

अध्यक्षांची काळजी नको. आपली गाडी म्हणजे कारखान्याने मोजक्याच काढलेल्या तीन छिद्री प्रकारातली, असं त्यांनी प्रदर्शनात जाहीर केलं. खजिनदारांनी फोन करून ही बातमी दिली. खुद्द खजिनदारांनी स्वतःच्या गाडीचा चांगला चालणारा मूळचा कार्बोरेटर उतरवून ठेवलाय. बेकरीचं गुपित अध्यक्षांकडून त्यांना कळलेलं दिसतं; मला विचारत होते, जुन्या बेकऱ्या कोणत्या भागात होत्या.

तिकडे सगळ्यांना नमस्कार. मी बरा आहे; खरंच बरा आहे.

तुमचा,
भाऊजी

ता. क. कागदावर डाग पडलाय तो तेलाचा. दोनदा साबण लावला, नखांतलं निघत नाही. आता पाकीट चिकटवतो आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो.