काविळीची माळ

९ जानेवारी
माझं थायरॉइड जास्त चालतं, त्याची गोळी बदलली. आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय, आणि जुनी गोळी सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला बरी नाही म्हणे. ही नवी दिवसातून तीनदा. नितीन म्हणाला, "नाव ठरवून ठेवू या ना." म्हटलं, उतावळा नवरा. पण दिवसभर ऑफिसात माझ्याच डोक्यात नावं.

२६ फेब्रुवारी
अंगाला खाज. जेवण नकोसं, मळमळ. वेडी आशा. गुपचूप टेस्ट आणली. एकच रेघ. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१ मार्च
डोळे पिवळे. सासूबाईंचं निदान तयार: कावीळ, जुहूच्या पाणीपुरीची. कणकवलीहून येणाऱ्या भाच्याकडून काविळीची माळ मागवली. "घाल गो. लांबतली तशी कावीळ उतरतली." तेल-तूप बंद, ताकभात सुरू. थायरॉइडची गोळी मात्र मी एकदाही चुकवत नाही. बाळासाठी आहे ना ती.

६ मार्च
माळ लांबली, सासूबाई खूश. मी आणखी पिवळी. लघवी कोऱ्या चहासारखी. नितीनचं डोकं फिरलं, "आई, पुरे आता." रिक्षात घालून हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाईंनी माळ पाहिली, हसल्या नाहीत. विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" सांगितलं. "ती आत्तापासून बंद. तिनेच लिव्हरची वाट लावली असणार. खाज सुटली तेव्हाच यायचं होतं."
असं होऊ शकतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. राग येतोय. कोणावर काढू? पाणीपुरीवर तर नाहीच.

१५ मार्च
अजून ॲडमिट. रिपोर्ट हळूहळू उतरतायत. सासूबाई पेजेचा डबा घेऊन आल्या. पलंगाशी बसून म्हणाल्या, "माजाच चुकला गो." मी त्यांचा हात धरला. वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड आहे. लिफ्टमधून कुणी दुपट्यातलं बाळ घेऊन उतरलं की मी मान वळवते, आणि मग बघतेच.

२ एप्रिल
घरी. त्या गोळीचं नाव आयुष्यात काढायचं नाही, जुनीही नको, तीही लिव्हरला धोक्याची. आता थायरॉइडचं ऑपरेशन, नाहीतर किरणोत्सारी आयोडीन. आयोडीन घेतलं तर मुलासाठी निदान सहा महिने थांबायचं. ऑपरेशन लिव्हर सावरल्यावर, ते कधी सावरेल सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये मला एकोणचाळीस.
नितीन म्हणाला, "तू बरी झालीस, मला बस." खरंच म्हणतो तो. मी भाजी निवडत राहिले.
उद्या डॉक्टरांना काय ते सांगायचंय. जीव वाचला हेच खूप, असं सगळे म्हणतात. मला नाही खूप वाटत. मला मूल हवंच आहे.