सज्ज्यातल्या सळया

ताइपे, ८ मार्च १९९४

चि. चिनशुइ यास, आशीर्वाद अनेक, अक्कल एक तरी येवो.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र.

नववर्षाला पेइकांगला आले तेव्हा तू कौतुकाने सज्जा दाखवलास. जुन्या फरशीवर नवी फरशी, दगडी कठडा, माशांची भलीमोठी टाकी. फरश्या विकतोस म्हणून घराचं गोदाम करायचं? सज्जा जिथे भिंतीतून बाहेर निघतो, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली आहे. तू म्हणालास, सिमेंट सुकलं. तसं असतं तर चीर वेडीवाकडी गेली असती.

मिशनच्या शाळेत सिस्टर मारी खोडरबराचं एक टोक पुस्तकात दाबून दुसरं वाकवून दाखवायच्या. वरच्या रेघा फाकतात, खालच्या जवळ येतात. काँक्रीट टोफूसारखं असतं, दाबलं तर सोसतं, ओढलं की तुटतं. म्हणून सज्ज्यात सळया वरच्या अंगाला हव्यात. तीस वर्षं मी हे शिकवलं. मठ्ठ मुलींनाही कळलं.

पुढच्या महिन्यात देवीची पालखी दारावरून जाईल, तेव्हा सज्ज्यावर तीस माणसं आणि आईची खुर्ची. यंदा कुणालाही उभं करू नकोस. आधी भिंतीलगत फोडून सळई किती खोल आहे ते पाहा.

रागातसुद्धा तुझीच,
ताई

पेइकांग, १७ मार्च

ती. ताईस शि. सा. न. (उपदेशाच्या ओझ्याने डोकं आपोआपच खाली गेलं.)

तुझं खोडरबर वाचून बायको पोट धरून हसली. ज्या गवंड्याने अर्धं गाव उभं केलं, त्या आपल्या बाबांना आता एका जोगिणीने सळई घालायला शिकवायचं? बेचाळीस वर्षांत वादळं झाली, भूकंप झाले, त्यांच्या सज्ज्याची खपलीही पडली नाही. तुझ्याकडे दिवा बदलायलाही माणूस बोलवावा लागतो.

आईने पालखीसाठी आत्ताच कपडे काढून ठेवलेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला खाली फटाक्यांत उभी करू? तू दरवर्षी आतल्या खोलीत बसतेस. तुझ्या शाळेने तुला देवीपासून तोडलं, आम्हाला कशाला तोडतेस?

चुकलं तर कान धर, पण हात लांबवून ताइपेहूनच,
चिनशुइ

ताइपे, २४ मार्च

चि. चिनशुइ यास आशीर्वाद.

देवीपासून मला कुणी तोडलं नाही, मूर्खा. मी त्या सज्ज्याला भिते.

तो भरला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कामगारांसाठी रताळ्याची पेज घेऊन गेले होते. सळया ठोकळ्यांवर नीट उचलून ठेवलेल्या. पाऊस येईल म्हणून घाई सुटली. कावडीला बादल्या लावून माणसं सळयांवरूनच चालली, आणि एकेक सळई खाली फळ्यांना टेकली. सर्वांत पुढे बाबा होते. मला मजा वाटली. पुढे शाळेत ते खोडरबर वाकलं, तेव्हा कळलं मी काय पाहिलं होतं.

बाबा होते तोवर तोंड उघडवलं नाही. नंतर वाटलं, इतकी वर्षं टिकला, टिकेल. माझा भेकडपणा म्हण. पण आता चीर आहे.

उत्तर नको, छिन्नी घे.

ताई

पेइकांग, ९ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

दोन ठिकाणी फोडलं. चार बोटं खोल गेलो तरी लोखंड नाही. सळया अगदी तळाशी, गंजलेल्या.

टाकी आणि कठडा उतरवला. बाहेरच्या कडेखाली आडवी तुळई घालून दोन लोखंडी खांब उभे केले. इतके कुरूप, की गिऱ्हाईक दारात थबकतं. आईने विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, बाबांचं काम पक्कंच आहे, ताईचं डोकं फिरलंय, तिच्या समाधानासाठी लावले. तिला लगेच पटलं. यात तुझा गौरव नाही. मंडळी यंदा खिडक्यांतून पालखी पाहतील आणि तुला हसतील. तयारीने ये.

आज भांडायला सवड नसलेला,
चिनशुइ

ताइपे, १५ एप्रिल

चि. चिनशुइ यास अनेक आशीर्वाद. या वेळी मोजून देत नाही.

हसू देत. मामांनी विचारलं तर मीच सांगेन की म्हातारपणी मला चळ लागला. फोडलेली जागा मात्र मी येण्याआधी बुजव. आई त्यात बोट घालून पाहील, ती गवंड्याची बायको आहे.

आणि एक. तुझ्या खांबांमुळे सज्जा आता दोन्ही कडांवर टेकला. म्हणजे ओढ वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला गेली, आणि बाबांच्या सळया हव्या तिथेच आहेत. गंज आहे, म्हणून माणसं उभी करू नकोसच. पण आईला तू जे सांगितलंस ते खरं झालंय. खोटं बोलायचीही तुझ्यात अक्कल नाही.

लोभ आहेच, तो वाढवायला एकोणतीसला येते,
ताई